मनाचे औषध आणि नमाजमधील अश्रू



गेल्या वर्षी रमजानच्या साधारण दीड महिना आधीची गोष्ट. जुम्याच्या बयानात मी सात भाग्यवंतांची हदीस सांगत होतो. सहीह बुखारीतील ही हदीस आपणापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. कयामतच्या दिवशी, जेव्हा अल्लाहच्या छायेखेरीज दुसरी छाया नसेल, तेव्हा ज्यांना त्या छायेत जागा मिळेल अशा सात प्रकारच्या माणसांत एकजण तो आहे, ज्याने एकांतात अल्लाहचे स्मरण केले आणि त्याचे डोळे भरून वाहू लागले. हदीस सांगून मी थांबलो असतो तर बरे झाले असते. मी आवाज चढवून पुढे म्हणालो की ज्याच्या डोळ्यांना नमाजमध्ये पाणी येत नाही, त्याने आपल्या हृदयाची चौकशी करावी.

त्याच रात्री इशानंतर, मशिदीतील पंखे एकेक करून बंद होत असताना, एक गृहस्थ मागे थांबले. टेंभी नाक्याच्या परिसरात त्यांचे लहानसे दुकान आहे. वय पंचावन्नच्या आसपास. मी त्यांना चाचा म्हणतो. हे सारे त्यांच्या परवानगीने लिहीत आहे; ओळख पटेल अशा खुणा तेवढ्या गाळल्या आहेत. ते म्हणाले, “मौलाना, चार महिने झाले, मी डिप्रेशनची गोळी घेतो. घरच्यांशिवाय कोणाला माहीत नाही. गोळीने झोप लागते, घास गिळवतो, दुकान उघडतो. पण पूर्वी सजद्यात रडू यायचे, ते आता येत नाही. डोके टेकतो आणि आत काहीच हलत नाही. आज तुम्ही जे सांगितले, त्यावरून विचारतो. माझे ईमान गेले का?”

मी काय उत्तर दिले, ते लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, “चाचा, रमजान जवळ आला आहे. गोळी बंद करून पाहा, तिलावत वाढवा, हृदय आपोआप मऊ होईल.” सोबत एक वजीफा सांगितला. सगळे मिळून तीन मिनिटे लागली असतील.

चौथ्या दिवशी त्यांना चक्कर येऊ लागली. मळमळ, घाम, झोप नाही, आणि मान वळवली की डोक्यात वीज चमकून जावी तसे झटके. दहाव्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. अब्बा फज्रनंतर दुकानापाशी गेले, पण शटर न उघडता पायरीवर बसून आहेत, आणि आपण नसलेलेच बरे असे म्हणत आहेत. मुलाने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. ते मला अधिक लागले.

त्या दिवशी मी त्यांच्यासोबत मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो. त्यानंतरही अनेकदा गेलो. तेथे जे ऐकले, नंतर जे वाचले, आणि मदरशात जे शिकूनही ऐनवेळी मला आठवले नव्हते, ते आपणापुढे मांडायचे आहे. कारण चाचांचा प्रश्न खोटा नव्हता. खोटे होते ते माझे उत्तर. ज्या हृदयाने माणूस अल्लाहपुढे उभा राहतो, त्या हृदयाची अवस्थाच जर एखादी गोळी बदलत असेल, तर त्या हृदयातील भय, आशा आणि शांती कोणाची मानायची? माणसाची की गोळीची?

आधी गोळी काय करते, ते पाहू. मेंदूतील दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते. खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर होडीने निरोप जावा, तसा या फटीतून रसायनाच्या रूपाने निरोप जातो. सेरोटोनिन हे असेच एक रसायन. निरोप पोहोचला की पहिली पेशी ते रसायन परत आपल्याकडे ओढून घेते. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी आज सर्रास दिली जाणारी औषधे हे परत ओढून घेणे अडवतात, त्यामुळे रसायन फटीत अधिक काळ टिकते. हा परिणाम काही तासांतच घडतो. पण रुग्णाचे मन हलके व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे रसायन वाढले की माणूस लगेच आनंदी झाला, इतका सरळ हा हिशेब नाही. मेंदू त्या बदलाशी हळूहळू जुळवून घेतो, पेशींमधील जोडण्या बदलतात, आणि त्यातून कोठेतरी आराम पडू लागतो. नेमके कसे, याचा अभ्यास अजून चालू आहे.

नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता, असे अनेक वर्षे सांगितले गेले. २०२२ मध्ये या विषयावरील संशोधनाचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात या कल्पनेला ठोस आणि सुसंगत पुरावा नसल्याचे दिसले. ती बातमी मोबाइलवर फिरली तेव्हा आपल्यातीलच काहींनी ‘बघा, डॉक्टर फसवत होते’ असा तिचा अर्थ लावला. परंतु कारण नीट न कळणे आणि औषध निरुपयोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने येतो असे कोणी म्हणत नाही. २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचा, म्हणजे १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्णांचा, एकत्रित अभ्यास आला. नुसत्या बिनऔषधी गोळीपेक्षा ही सर्व औषधे सरासरीने अधिक परिणामकारक ठरली. हा फरक मध्यम स्वरूपाचा होता, चमत्काराचा नव्हता. कोणाला पुष्कळ गुण येतो, कोणाला थोडा, कोणाला पहिल्या औषधाने काहीच नाही. सौम्य उदासीनतेत डॉक्टर पुष्कळदा आधी समुपदेशनच सुचवतात.

या औषधांचा उगमही विचार करायला लावणारा आहे. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनायझिड नावाचे नवे औषध देत असताना, अंथरुणाला खिळलेले रुग्ण अवेळी उत्साही दिसू लागले. शोध फुफ्फुसाच्या औषधाचा चालला होता, आणि हाती लागले मनाचे. पुढे १९५६-५७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून यांना दुसऱ्याच आजारासाठी आलेल्या इमिप्रामिनचा गुण नैराश्यात दिसला. अल्लाहने असा कोणताही रोग उतरवला नाही ज्याचा इलाज उतरवला नाही, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे बुखारीत आहे. त्यात शरीराचा रोग आणि मनाचा रोग असा भेद केलेला नाही. भेद आपण करतो. मधुमेहाची गोळी दस्तरख्वानावर सर्वांदेखत घेतली जाते आणि मनाची गोळी न्हाणीघरात, नळ सोडून.

या लाजेला आपल्या शहरात आणखी एक जुने कारण आहे. १९०१ साली ठाण्यात मनोरुग्णालय सुरू झाले आणि पुढे मराठी बोलीत ‘याला ठाण्याला पाठवा’ हा वाक्प्रचारच रूढ झाला. महाराष्ट्राच्या कोणत्याही कोपऱ्यात हे वाक्य उच्चारले की ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. आपण तर ठाण्यातच राहतो. तरी चाचा पहिल्यांदा तपासणीला गेले ते थेट कल्याणला, कोणी ओळखीचे भेटू नये म्हणून. देशाच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले. या आकड्यात आपल्या मोहल्ल्यातील दारेही आहेत.

आता शरीअतकडे वळू. उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवण आपल्या मुलांनाही पाठ असते, म्हणून तिच्यावर थांबत नाही. इमाम गजाली (मृत्यू इ.स. ११११) यांनी ‘इह्याउ उलूमिद्दीन’मधील तवक्कुलच्या प्रकरणात हानी दूर करणाऱ्या साधनांचे तीन वर्ग केले आहेत. काही साधने निश्चित, जशी तहानेला पाणी आणि भुकेला भाकरी. ती सोडणे हा तवक्कुल नव्हे, जीव धोक्यात असताना ते हरामच. काही संभाव्य, म्हणजे बहुधा गुण देणारी, जसे वैद्याचे उपचार. ती वापरणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. आणि काही केवळ कल्पनेवर टेकलेली. त्यांत त्यांनी डाग देणे आणि मंत्रणे, म्हणजे झाडफूकही, धरली आहे. हा धडा मी विद्यार्थ्यांना शिकवला आहे. तरी त्या रात्री मी दुसऱ्या वर्गातील साधन चाचांच्या हातून काढून घेतले आणि बदल्यात जे दिले, त्याला त्यांच्या रोगावरील औषध म्हणण्याचा मला कोणताही अधिकार नव्हता. तिलावत आणि दुआ यांची थोरवी निर्विवाद आहे. पण त्यांना गोळीच्या जागी बसवणे हा त्यांचा मान नव्हे.

येथे एक जाणकार वाचक म्हणेल की बुखारीत त्या महिलेची हदीसही आहे, जिला झटके येत असत आणि जिने दुआ मागितली असता प्रेषितांनी (स.) सब्र करून जन्नत किंवा बरे होण्याची दुआ, असे दोन मार्ग तिच्यापुढे ठेवले. तिने सब्र निवडले, झटक्यात अंग उघडे पडू नये एवढीच विनंती केली, आणि प्रेषितांनी (स.) त्यासाठी दुआ केली. उपचार सोडून सब्र करणे जायज आहे, हे विद्वानांनी यातून काढले आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र ही हदीस पुन्हा वाचताना मला एक गोष्ट दिसली, जी आधी दिसली नव्हती. निवड त्या महिलेची होती. तिच्यापुढे दोन्ही मार्ग ठेवून तिला विचारले गेले. मी चाचांना विचारले नव्हते. दुसऱ्याच्या वतीने सब्र निवडणे सोपे असते; आपल्या डोक्यात विजेचे झटके येत नसतात.

तरीही मूळ प्रश्न शिल्लकच राहतो. गोळी जायज ठरली, पण आटलेल्या अश्रूंचे काय?

डॉक्टरांनी सांगितले की ही तक्रार नवीन नाही. ही औषधे घेणाऱ्या बऱ्याच जणांना भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात. दुःखाची धार कमी होते, तशी आनंदाचीही. अनेकदा हे मात्रेवर अवलंबून असते आणि मात्रा कमी केल्यास किंवा औषध बदलल्यास सुधारते. कधी तो औषधाचा नव्हे, उरलेल्या आजाराचाच भाग असतो. मळमळ, वजनातील बदल, दांपत्यजीवनातील अडचणी हेही दुष्परिणाम होतात. लोक ते सांगायला संकोचतात आणि न सांगता औषध सोडून देतात. माझी चूक नेमकी याच ठिकाणी धोक्याची होती. ही औषधे दारूसारखी नशा आणत नाहीत, त्यांची तलफ लागत नाही; पण एकाएकी सोडली तर सवय झालेला मेंदू झोकांडतो. ती आठवड्या-आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, पायरी पायरीने आणि डॉक्टरांच्या सांगण्यानेच उतरवायची असतात.

हे झाले वैद्यकाचे उत्तर. इमामाकडे विचारलेला प्रश्न वैद्यकावर ढकलून चालणार नाही. मला जे सुचते ते असे आहे.

हृदय शरीरापासून अलग तरंगत असते, असे शरीअतने कधीच मानलेले नाही. जेवण वाढलेले असताना आधी जेवून घ्यावे, मग नमाजला उभे राहावे, नमाजमध्ये पेंग येऊ लागली तर आधी झोप घ्यावी, कारण झोपेत माणूस क्षमा मागायला जाऊन स्वतःलाच शाप देऊन बसेल, काजीने रागात असताना निवाडा करू नये, या साऱ्या प्रेषितांच्या (स.) शिकवणी आहेत. या आज्ञांमागे काय गृहीत आहे? रिकामे पोट, जड पापण्या, तापलेले रक्त यांचा हृदयाच्या हजेरीवर परिणाम होतो, हेच गृहीत आहे. भुकेल्या माणसाला जेवणानंतर जी एकाग्रता लाभते, ती भाकरीची की त्याची? हा प्रश्न कोणी विचारत नाही. भाकरीने त्याला उभे केले, नमाज त्याने अदा केली. गोळीचेही तसेच का मानू नये? सब्र गोळी करत नाही. ज्या पायांवर उभे राहून माणूस सब्र करतो, त्या पायांतील ताप ती उतरवते.

आणि ते पूर्वीचे अश्रू? चाचा आजाराच्या त्या महिन्यांत सजद्यात रडत, तसेच रिक्षात रडत, गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून देतानाही रडत. त्यांतील किती अश्रू अल्लाहच्या भयाचे आणि किती आजाराचे, हे त्यांनाही वेगळे करता येत नाही. मला तर नाहीच नाही. हजरत याकूब (अ.) यांचे डोळे पुत्रवियोगाच्या दुःखाने पांढरे पडले, असे सूरह यूसुफमध्ये आहे, तो अल्लाहच्या नबीचा शोक होता, तेथे ईमानच्या कमतरतेचा प्रश्नच नव्हता. अश्रूंवरून ईमान वाढल्याचा निष्कर्ष काढता येत नसेल, तर अश्रू नाहीत म्हणून ईमान गेल्याचा तरी कसा काढावा? फिकहच्या कोणत्याही ग्रंथात अश्रू ही नमाजची अट नाही. सात भाग्यवंतांच्या हदीसमध्ये अश्रूंची शुभवार्ता आहे. कोरड्या डोळ्यांवर तिथे आरोप कोठेही नाही. तो आरोप माझ्या बयानातला होता.

सुमारे अकराशे वर्षांपूर्वी बल्ख येथील विद्वान अबू जैद अल-बल्खी (मृत्यू इ.स. ९३४) यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. ज्याचे कारण माहीत आहे ते दुःख आणि ज्याचे कारण रुग्णालाही सांगता येत नाही ते दुःख, असे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले. दुसऱ्याचे मूळ त्यांनी शरीरात शोधले. हा ग्रंथ अभ्यासक्रमात असता तर माझी ती तीन मिनिटे कदाचित निराळी गेली असती.

मात्र ज्याचे कारण माहीत आहे, अशा दुःखाबद्दल दोन शब्द कडक बोलावे लागतील. घरात सुनेचा छळ चालू ठेवायचा आणि ती रडते म्हणून तिला गोळी सुरू करून द्यायची, हा उपचार नव्हे, जुलमाला लावलेले कुलूप आहे. तिला औषधाची गरज असू शकते. पण त्याआधी सासू, पती आणि नणंद यांना तौबाची गरज आहे. व्याजी कर्जाने खचलेल्या भावाला चिठ्ठीवर औषध मिळेल, त्याचे कर्ज मात्र जमाअतीलाच वाटून घ्यावे लागेल. आणि जे आमिल प्रत्येक उदास मुलीवर जिन्नाचा शिक्का मारून हजारो रुपये उकळतात, तिला मारतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे की भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अल्लाहच्या दरबारात तर तो त्याआधीपासूनच आहे.

घरोघरी विचारल्या जाणाऱ्या काही गोष्टी थोडक्यात. दिवसातून एकदा घ्यायची गोळी पुष्कळदा इफ्तार किंवा सहरीच्या वेळेला नेता येते, पण डॉक्टरांना विचारूनच. लिथियम घेणाऱ्यांनी तर न विचारता रोजा धरूच नये, कारण शरीरातील पाणी कमी झाले की त्याचे रक्तातील प्रमाण धोकादायक वाढू शकते. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत सूरह बकरहमध्ये स्वतः अल्लाहने दिली आहे. ती नाकारण्यात शौर्य नाही. कॅप्सूलमधील जिलेटिनची शंका असेल तर तेच औषध गोळीच्या रूपात मिळते का ते विचारावे, बहुधा मिळते. पंचविशीच्या आतील मुलामुलींना औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावे, कारण या वयात आरंभी काहींच्या मनात जीव देण्याचे विचार वाढू शकतात. आणि कोणी ‘मी नसलेलो बरा’ असे म्हणाला, तर त्याला हराम-हलालचा पाठ देत बसू नका. त्याच्याजवळ बसा, एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. रात्री-अपरात्री १४४१६ या सरकारच्या ‘टेली-मानस’ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

चाचांची गोळी पुन्हा सुरू झाली. सावरायला दोन महिने लागले. नंतर डॉक्टरांनी मात्रा हळूहळू थोडी कमी केली. गेल्या रमजानचे सर्व रोजे त्यांना धरता आले नाहीत. राहिलेले ते हिवाळ्यात, दिवस लहान असताना, धरत आहेत. तो वजीफा आता मी कोणाला देत नाही, आणि जुम्याच्या बयानात ती हदीस पुन्हा सांगितली तेव्हा माझे ते वाक्य चुकीचे होते, हेही मिंबरवरूनच सांगितले. चाचा दुसऱ्या सफमध्ये बसले होते. बाहेर पडताना म्हणाले, “मौलाना, रडू अजून येत नाही. पण पूर्वी तुम्ही काय पढत होता, ते कळत नसे. आता आयत ऐकू येते.”

त्यांची पुढची तपासणी येत्या सोमवारी आहे. आता ते कल्याणला जात नाहीत; इथेच, ठाण्यात दाखवतात. जोहरच्या नमाजसाठी दुसऱ्या इमामांना सांगून ठेवले आहे, मी त्यांच्यासोबत जाणार आहे.